आईने मोती दातावर घासला

मागच्या जूनमध्ये आम्ही दादाकडे ऑस्ट्रेलियात पर्थला गेलो होतो तेव्हाची गोष्ट, बडोद्याला परत आल्यापासून आई दांडिया बाजारातल्या प्रत्येक नातेवाइकाला ती वेगवेगळी सांगतेय, म्हटलं खरं काय झालं ते एकदा लिहूनच टाकू.

पर्थहून ब्रूम गावापर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी, सिग्नेट बेचं मोत्यांचं फार्म तिथून साधारण २०० किलोमीटर. रस्ता आता डांबरी आहे पण कडेची माती इतकी लाल की बाबांचा पांढरा लेंगा गेरूत बुडवल्यासारखा झाला. नेटवर्क नाही, टपरी नाही, ठेपले संपलेले, आणि बाबांचं दर दहा मिनिटांनी "चहा कुठे मिळेल रे?" वाटेत बीगल बेचं जुनं चर्च लागलं, आतली वेदी सगळी शिंपल्यांनी मढवलेली, आई चपला बाहेर काढूनच आत गेली.

फार्मवर एका मुलीने ताटलीएवढा शिंपला सुरीने उघडून दाखवला. आत आधी निघाला वाटाण्याएवढा खेकडा, बिनभाड्याचा भाडेकरू! मग तिने अंगठ्याने मांस दाबलं आणि टपकन मोती बाहेर. ती म्हणाली की अमेरिकेतल्या नदीच्या शिंपल्यापासून बनवलेला मणी आत ठेवतात, सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचा छोटासा तुकडा, त्या तुकड्यामुळेच मण्यावर थर चढतात, आणि याला दोनेक वर्षं लागतात.

"म्हणजे खोटाच की, मणी तर यांनीच घातलाय," आई. आजीची बसरा मोत्यांची, म्हणजे आखातातल्या नैसर्गिक मोत्यांची, नथ आहे ना तिच्याकडे, तिला बाकी सगळं खोटंच वाटतं. त्यात बाबांनी बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या मोत्यांच्या चादरीचा विषय काढला, १८६५ च्या सुमाराची, लाखो बसरा मोती, २००९ साली दोहाला लिलावात गेली ती. बडोदेकर माणूस मोत्याचं नाव निघाल्यावर गप्प बसेल तर शपथ.

आणि मग आईने, कोणाला काही कळायच्या आत, तो मोती उचलून सरळ दातावर घासला. मी डोळेच मिटले. "करकरतोय गं, खरा आहे!" ती मुलगी खो खो हसली, म्हणाली आम्ही पण असंच बघतो, काच किंवा प्लास्टिक असेल तर दातावर सटकतं, पण नैसर्गिक आणि लागवडीचा दोन्ही करकरतातच, तो फरक कळायला एक्स-रे लागतो.

घरी आल्यावर आईने पहिलं काम काय केलं असेल? नथ काढली. दोन मोती करकरले, मधला गुळगुळीत.

नथ गाठवायला मागे मामीने नेली होती. तेव्हापासून आमच्याकडे मामीचा विषय बंद आहे.