झाक्सेन-आयझेनबर्गचा नकाशा : रोनेबुर्ग जागेवर बसले, काम्बुर्ग अजून अधांतरी

जर्मनीच्या थुरिंगिया भागातील एर्नेस्टाइन (सॅक्सनीच्या राजघराण्याच्या एका शाखेच्या) संस्थानांच्या माझ्या नकाशाचे काम आयझेनबर्गपाशी अडून पडले होते. त्यातील निम्मी गाठ आता सुटली आहे.

1680 साली गोथाचा ड्यूक धर्मनिष्ठ एर्न्स्ट याच्या सात मुलांनी वडिलांचे राज्य वाटून घेतले, तेव्हा पाचवा मुलगा ख्रिस्तियान याला आयझेनबर्ग, रोडा, रोनेबुर्ग आणि काम्बुर्ग हे आम्ट (कारभाराचे तालुके) मिळाले. 1707 मध्ये तो मुलगा नसताना वारला आणि अवघ्या 27 वर्षांत संस्थान संपले. खरी अडचण या अल्पायुष्याचीच आहे. न्यूर्नबर्गच्या होमान यांच्या छापखान्याचे नकाशे त्यानंतरच्या काळातील असून त्यांतील हाताने रंगवलेल्या सीमा गावांच्या पातळीवर उपयोगी पडत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील मोजणीचे नकाशे अचूक आहेत, पण तोवर 1826 ची फेरवाटणी होऊन गेली होती. त्या वाटणीत काम्बुर्ग आणि आयझेनबर्ग आम्टचा काही भाग मायनिंगेन संस्थानाला गेला व उरलेले आल्टेनबुर्ग संस्थानाकडे राहिले. त्यामुळे उत्तरकालीन सीमा उचलून मागे न्यावी, तर ती नेमकी आयझेनबर्ग आम्टच्या अंगातून जाते.

आधी होमानचाच नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत ताणून बसवण्याचा प्रयत्न केला. थिन प्लेट स्प्लाइन ही नकाशा लवचीकपणे ताणणारी पद्धत वापरली की प्रत्येक कंट्रोल पॉइंटवरची (जुन्या व आजच्या नकाशात जुळवलेल्या बिंदूवरची) चूक शून्य दिसते. मात्र दोन बिंदूंच्या मधला प्रदेश हवा तसा वाकतो, म्हणून त्या शून्यावर विसंबणाऱ्यांविषयी मला नेहमीच शंका वाटते. साध्या पॉलिनॉमियल पद्धतीत चूक उरते, पण ती निदान डोळ्यांना दिसते. त्यातच एका विक्रेत्याकडून विकत घेतलेली स्कॅन प्रत इतकी दाबलेली निघाली की ‘झाले’ (Saale) या नदीच्या काठच्या गावांची नावे डागांसारखी दिसतात. क्यूजीआयएस फुकट असून इतके देते आणि पैसे मोजून घेतलेली प्रत असली, हे मनाला लागते.

रोनेबुर्गने मात्र दिलासा दिला. 1826 मध्येही ते आल्टेनबुर्गकडेच राहिल्याने तिथली नंतरची सीमा आधार म्हणून घेता आली. रोडा आणि रोनेबुर्ग यांच्या मध्ये एल्स्टर नदीच्या खोऱ्यातील रॉयस घराण्याचा गेराचा मुलूख पाचरीसारखा घुसलेला आहे. तो आधी काढला आणि मग रोनेबुर्गचा बहुभुज प्रथमच कोठेही फट न राहता बंद झाला. टोपॉलॉजी चेकरची (सीमांतील फटी व चुका शोधणाऱ्या साधनाची) यादी रिकामी दिसली, तेव्हा मी ती उगाचच पुन्हा चालवून पाहिली.

काम्बुर्ग आणि आयझेनबर्गसाठी आता सीमारेषा शोधण्याऐवजी आम्टनिहाय गावांचे बिंदू टाकून त्यांवरून व्होरोनॉय क्षेत्रे (प्रत्येक बिंदूला सर्वांत जवळचा प्रदेश) काढावीत, असे ठरवले आहे. हे लिहीत असतानाच एक मोठा बदल सुचतो आहे : प्रत्येक वर्षाचा वेगळा थर करण्याची जुनी योजना सोडून आम्ट हाच कायमचा घटक मानावा आणि तक्त्यात ‘ताबा’ व ‘अधिसत्ता’ असे दोन स्वतंत्र रकाने, प्रत्येकाला आरंभ व अंताची वर्षे देऊन, ठेवावेत. धाकट्या भावांना पूर्ण सार्वभौमत्व नव्हते. वरचे अधिकार गोथाच्या थोरल्या भावाकडे होते, आणि एकाच रंगात हे दाखवता येत नाही. कोबुर्गचा आल्ब्रेख्त 1699 मध्ये, ख्रिस्तियान 1707 मध्ये आणि रोमहिल्डचा हाइन्रिख 1710 मध्ये, असे तिघेही वारसाविना गेल्यावर उरलेल्या भावांच्या घराण्यांत जो तंटा 1735 पर्यंत चालला, तोही या रकान्यांत बसेल. वादग्रस्त वर्षांना तिरप्या रेघा देता येतील.

एक हौस मात्र भागवून घेतली. ख्रिस्तियानने किमयेच्या नादात पैसा उधळून संस्थान कर्जात बुडवले होते, म्हणून आयझेनबर्गला राजधानीच्या नेहमीच्या मुकुटाऐवजी काचेच्या बकपात्राचे चिन्ह काढले आहे. त्याच्या ख्रिस्तियान्सबुर्ग वाड्याला व तेथील बरोक प्रार्थनागृहाला वेगळे चिन्ह द्यायचे होते. पण या मापात दोन्ही एकमेकांवर चढतात, तेव्हा ते कोपऱ्यातील मोठ्या तुकड्यात जाईल. कोबुर्ग तूर्त बाजूला ठेवून आधी काम्बुर्गच्या गावांचे बिंदू टाकायला घेतो.