सर मला रागावत नाहीत

आर्वीहून आले, स्वयंपाक झाला, जेवणं झाली, भांडीही झाली, तरी सकाळचं ते काही डोक्यातून जात नाही. म्हणून वही काढली.

झालं एवढंच. आर्वीला सरांकडे मी गिटार शिकायला जाते, आणि माझ्या आधी त्या नववीतल्या पोराचा तास असतो. आज मी जरा लवकर पोचले तर त्याचं चालूच होतं. ई मधला ब्लूज, बारा बारचा, मी वाजवते तोच. (ब्लूज हा अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचा प्रकार. बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा. ई, ए, बी सेव्हन ही कॉर्डची, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या जुडग्यांची नावं.) शेवटच्या बारला बी सेव्हनवर यायचं असतं, तिथं तो किंचित उशिरा आला. किंचित म्हणजे, मला कळलंसुद्धा नाही. सरांनी हात वर केला. "नाही. पुन्हा." त्यानं पुन्हा वाजवलं. "अजून नाही. करंगळी मागून येते तुझी. चारही बोटं एकदम पडली पाहिजेत. पुन्हा." पोराचे कान लाल झाले. बराच वेळ हेच चाललं. शेवटी एकदाचं ते बरोबर पडलं, तर सर नुसतं "हं" म्हणाले आणि पुढचं सांगायला लागले.

मग मी बसले. ईचे चार बार झाले की 'ए'वर जायचं, पण मी पाचवाही ईवरच काढला. बी सेव्हनला पहिली तार वाजलीच नाही, नुसती ठप्प. आणि सर म्हणाले, "छान, मॅडम! येतंय. मागच्यापेक्षा कितीतरी मोकळं वाजलं."

तेव्हापासून खट्टू आहे. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, "कौतुक केलं तं रडतं काय वं?" त्यांचंही खरं आहे. बाहेरून पाहिलं तर तेवढंच आहे ते.

पण मी मास्तरीण आहे. कौतुक कसकसं असतं ते मला आतून माहीत आहे. चौथीच्या वर्गात जी पोरं पटपट करतात, त्यांची बेरीज चुकली की मी वही परत करते, "हे काय? हातचा कुठं गेला?" आणि मागच्या रांगेतली ती एक, जिची आई वेचणीला गेली की लहान्याला सांभाळायला तीच घरी राहते, ती दोन ओळी लिहून आणते तेव्हा मी वहीवर चांदणी काढते. वेलांटी चुकलेली असते, मला दिसते. तरी चांदणी काढते. मनापासून काढते, खोटी नसते ती. पण त्या चांदणीत आणि "हातचा कुठं गेला" यात काय फरक आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. ज्याच्याकडून आशा असते त्याला आपण रागावतो. जिनं निदान उद्या यावं एवढंच वाटतं, तिला चांदणी देतो.

म्हणजे सरांच्या तासाला मी मागच्या रांगेत आहे. हेच सकाळपासून टोचतंय.

सर वाईट वागतात असं कुणी वाचलं तर वाटायला नको. उलट इतकं कुणी कुणासाठी करत नाही. मी गिटार आणली तेव्हा तारा इतक्या उंच होत्या की एफची कॉर्ड धरली की डोळ्यात पाणी यायचं. सरांनी सगळ्या तारा सैल केल्या, तारा खाली जिथं अडकवतात त्या ब्रिजवरची ती पांढरी पट्टी चिमट्यानं ओढून काढली, पेन्सिलनं रेघ मारली आणि टेबलावर पॉलिश पेपर पसरून पट्टी त्यावर हळूहळू घासत बसले. घासायची, बसवून पाहायची, पुन्हा काढायची. पांढरी भुकटी बोटांना लागलेली. शिवाय तिसरी तार गुंडाळीची होती, ती काढून साधी पोलादी लावली, कारण ब्लूजमध्ये तार ओढावी लागते आणि गुंडाळीची तार माझ्या बोटांनी ओढली गेली नसती. या सगळ्याचे पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या ना, मॅडम."

हे "मॅडम"च मधे येतं का? आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या बाईला गावात कोण रागावतं? सरांची पुतणी माझ्या हाताखाली शिकली. वयानंही ते लहान आहेत माझ्याहून. त्यांनी मला "नाही, पुन्हा" म्हणायचं म्हणजे त्यांनाच जड जात असेल. तसं म्हटलं तर माझ्यावर चिडणारे कमी नाहीत. ऑनलाइन माहिती भरली नाही की वरून फोन येतो, भाजीत मीठ कमी झालं की घरून. पण ती चीड कामाची असते. माझं काही चांगलं व्हावं म्हणून कुणी चिडलंय असं होऊन किती काळ लोटला. बाबा पेटीवर बसवायचे तेव्हा व्हायचं. भात्यावरचा हात ढिला पडला की बोटांवर टिचकी. ते जाऊ दे.

आज दुपारी एक गोष्ट लक्षात आली आणि जास्तच वाईट वाटलं. सर त्या पोराला बोटं शिकवतात आणि मला गोष्टी सांगतात.

गोष्टी चांगल्याच असतात. ब्लूज हे कापसाच्या मुलखातलं गाणं आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मिसिसिपी नदीकाठची सपाट काळी जमीन आणि नजर जाईल तिथवर पऱ्हाटी. ब्लूजचा मोठा गिटारवाला बी. बी. किंग १९२५ साली तिथंच जन्मला, पोरवयात कापूस वेचायचा. गुलामगिरी संपली तरी जमीन मालकाचीच राहिली, बटईनं कसायची, बियाणं-किराणा मालकाच्या दुकानातून उधार आणायचा आणि हंगामाच्या शेवटी हिशेब केला की अंगावर कर्जच निघायचं. हे ऐकताना मला आमच्या आजोबांच्या पिढीचं सगळं आठवलं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या वऱ्हाडच्या, वर्धा खोऱ्यातल्या कापसाला एकदम भाव आला. युद्ध संपलं आणि भाव पडला. ज्या वावरांत पुढं हे गाणं जन्मलं, त्या वावरांशी आपल्या वावरांचा असा जुना हिशेब आहे. तिथं १९४४ साली कापूस वेचायचं यंत्र शेतात उतरवून लोकांना दाखवलं. आपल्याकडे अजून बोटंच आहेत. काल दुपारी शाळा सुटल्यावर मी ओटी बांधून दोन तास गेले होते वावरात, वाळलेल्या बोंडाची टोकं लागून उजव्या हाताची नखं सोलली आहेत. डाव्या हाताला तारांचे घट्टे, उजव्याला बोंडांचे ओरखडे. (ओलावा आहे म्हणून भाव किती कापला ते आज लिहीत नाही.)

आणि मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूजवाल्याची गोष्ट. मी एकदा विचारलं होतं, सर, या वयात येईल का हो? तेव्हा सांगितली. १९२८ साली त्याची गाणी रेकॉर्ड झाली, चालली नाहीत, तो आपला गावी परत जाऊन शेतात राबत राहिला. १९६३ साली एक जण त्याच्या जुन्या गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून शोधत शोधत तिथं पोचला, तर म्हातारा तिथंच, आणि हातात गिटार दिली तर वाजवतोय. मग मोठमोठ्या मंचांवर गेला, लोकांनी डोक्यावर घेतलं. ऐकून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज वाटतं, अरे, पण त्याला वाजवता येतच होतं! त्याला उशिरा ओळखलं, तो उशिरा शिकला नव्हता. ही गोष्ट माझी कशी होईल? पडलेल्या माणसाला पाणी द्यावं तशी दिलेली गोष्ट ती.

इथवर लिहिलं आणि उठून मागच्या पडवीत गेले. गिटार घेतली. रागाच्या भरातच घेतली. पाय आपटत मोजायला लागले, एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, म्हणजे चार बार झाले की पाय सांगेल, चल एवर. आणि तरी मी पाचव्याला ईवरच. पुन्हा. पुन्हा ईवरच. हे काय होतंय ते कळेना, कारण मोजणं तर बरोबर होतं.

मग ऐकू आलं. वाजवताना मी आतल्या आत गात होते.

मागच्या महिन्यात सरांनी सांगितलं होतं, एक कडवं स्वतःचं करून आणा. ब्लूजचं कडवं सोपं असतं, एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीत तिचं उत्तर. प्रत्येक ओळ साधारण दोन बारांत संपते आणि उरलेल्या दोन बारांत गिटार बोलते. मी केलं होतं, लाजून दाखवलं नव्हतं.

वेचून वेचून बोटं फुटली, पोतं काही भरत नाही वं माय
वेचून वेचून बोटं फुटली, पोतं काही भरत नाही
सूर्य बुडाला धुऱ्यामांगं, पण दिवस काही सरत नाही

पहिल्या ओळीचं ते "वं माय". वेचणीच्या बाया ओळ संपली की ते लांबवतात, कंबर सरळ करायला तेवढाच वेळ मिळतो. ते म्हटल्याशिवाय ओळ संपतच नाही. म्हणून गिटारचं उत्तर पुढं सरकतं, आणि ई एक बार जास्त चालतो. माझ्या बोटांना ओळ माहीत होती, मला माहीत नव्हतं.

आणि मग सर आठवले. सकाळी मी पाचवा बार ईवर काढला तेव्हा सर माझ्यासोबत खालच्या तारांवर साथ करत होते. ते थांबले नाहीत, एवरही गेले नाहीत. माझ्याबरोबर ईवर राहिले आणि मी वळले तेव्हा वळले. त्या पोराला ते असं करत नाहीत. तो चुकला की ते पुढं निघून जातात, त्यानं धावत गाठायचं. मी याचा अर्थ लावला होता की माझ्यासाठी थांबतात, दुबळी म्हणून. पण जॉन ली हूकर या ब्लूजवाल्याबद्दल त्यांनीच सांगितलं होतं. १९४८ साली डेट्रॉइटला त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं, एकटाच, पाय आपटल्याचा आवाज हाच ताल. बार किती झाले ते तो मोजायचा नाही, ओळ संपली की वळायचा. साथीदार मिळाला तर साथीदारानं त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. आपल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजेरीवाला दुसरं काय करतो? बुवानं एखादा शब्द लांबवला तर खंजेरी वाट पाहते. बुवा कच्चा आहे म्हणून थोडीच पाहते.

मग सर काय करत होते सकाळी? साथ, की सांभाळणं? मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असेल. त्या पोराला परीक्षा द्यायची आहे, पुढं चार जणांबरोबर वाजवायचं आहे, त्याला बारा म्हणजे बाराच हवेत. मला कुणाबरोबर वाजवायचंय? बहुतेक सरांबरोबरच. आणि माझ्याकडून त्यांची आशा कमी असेल तर असो. ती चौथीतली पोरगी चांदणीसाठी येते, आणि येत राहते. आली म्हणून तर परवा तिनं आपणहून फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली. तेव्हा मला चांदणी काढायचं सुचलंही नव्हतं, मी खडू घेऊन तिच्या शेजारी उभी राहून एक नाव दुरुस्त केलं, आणि ती माझ्यावर चिडली. तिचंच बरोबर होतं, त्या पोराच्या घरी तसंच लिहितात म्हणे.

पण बी सेव्हनची पहिली तार? तिथं ओळ नाही, "वं माय" नाही, काही नाही. दिव्याखाली बोटं बघितली. पहिलं बोट चौथ्या तारेवर पहिल्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं घर), मधलं पाचवीवर, अनामिका तिसरीवर, करंगळी पहिलीवर, तिन्ही दुसऱ्या फ्रेटला. अनामिका आडवी पडते आणि करंगळीला ढकलते, त्यामुळे करंगळी तारेच्या काठावर जाते. अंगठा मानेच्या मागं जरा खाली घेतला तर अनामिका उभी राहते. राहिली. वाजली तार. पुढच्या खेपेला नाही वाजली. आता वाजवत बसले असते, पण सासूबाईंना झोप लागली आहे.

पुढच्या रविवारी दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक, बी सेव्हनला पहिली तार मेली तर मला थांबवायचं. मॅडम-बिडम काही नाही, त्या पोराला म्हणता तसंच "नाही, पुन्हा" म्हणायचं, वाजेपर्यंत. दुसरी, कडवं गाऊन दाखवणार आहे, आणि गायच्या आधी सांगणार आहे की माझे तेरा बार आहेत, पाचवा ईचाच, तो मुद्दाम. त्यांना पटलं नाही तर तसं म्हणू देत. मी कारण विचारीन, आणि त्यांनी कारण दिलं तर माझं कारणही सांगीन.