तुम्ही विचारलंत म्हणून : म्हातारपणी घास का अडतो?

‘आईला पाणी पिताना ठसका लागतो, वय झाले म्हणूनच ना?’ गिळण्याच्या तक्रारींवर उपचार करण्याचे काम मी करते, आणि हा प्रश्न मला घरची माणसे हमखास विचारतात. माझे उत्तर ठरलेले आहे : वयाने गिळणे मंदावते, पण ठसके लागण्याचे किंवा घास अडण्याचे कारण केवळ वय आहे असे मानून स्वस्थ बसू नये, कारण त्यामागे बहुधा शोधता येण्याजोगे, आणि पुष्कळदा उपचार करता येण्याजोगे काहीतरी असते.

कंठमण्यावर दोन बोटे हलकेच ठेवून एक घोट घेऊन पाहा. कंठमणी झटकन वर उचलला जातो आणि खाली येतो. तेवढ्या क्षणात श्वास थांबतो, स्वरयंत्र मिटते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. वृद्ध माणसात ही हालचाल थोडी उशिरा सुरू होते आणि तिचा जोरही कमी असतो. पाणी मात्र जिभेवरून वेगाने खाली धावते, त्यामुळे ज्याला आपण सर्वांत सोपे समजतो त्या पाण्यानेच आधी ठसका लागतो. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा मानेवर दिलेले किरणोपचार यांनी हाच ताळमेळ अधिक बिघडतो.

म्हणून मी आधी विचारते : घास गिळायला सुरुवात करतानाच त्रास होतो, की गिळून झाल्यावर तो छातीत अडतो? छातीत अडत असेल तर शंका अन्ननलिकेवर जाते. आधी घट्ट पदार्थ आणि काही आठवड्यांनी पातळही अडू लागले, तर नळी कुठेतरी अरुंद होत असण्याची शक्यता असते; पहिल्यापासून दोन्ही अडत असतील, तर तिच्या स्नायूंच्या हालचालीत दोष असू शकतो. ‘इथे अडते’ म्हणून रुग्ण जिथे बोट ठेवतो, त्यावर मात्र पूर्ण विसंबता येत नाही, कारण खालचा अडथळाही गळ्याशी जाणवतो.

एका आजींना घरच्यांनी कित्येक महिने सगळे वाटून, गाळून दिले होते. काळजीपोटीच दिले होते, पण वजन उतरत गेले आणि तपासणी लांबत गेली. दुर्बिणीतून पाहिल्यावर जठरातील आम्ल वर येऊन अन्ननलिकेचा खालचा भाग आकसला असल्याचे दिसले. तो भाग रुंद करण्यात आला, आम्ल कमी करणारी औषधे सुरू झाली, आणि त्या पुन्हा चावून जेवू लागल्या. घट्ट घास अडत असून वजन घटत असेल, तर कर्करोगाचीही शक्यता तपासावी लागते; म्हणून अन्न वाटून देणे हा तपासणीला पर्याय होऊ शकत नाही, हे मी आग्रहाने सांगते.

घरातली औषधांची पिशवीही मी पाहायला मागते. ॲलर्जीची काही औषधे आणि नैराश्यावरील काही जुनी औषधे तोंड कोरडे पाडतात, झोपेच्या गोळ्यांनी गिळण्याची सावधता कमी होते, आणि हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होऊ शकते. गोळी गिळता येत नाही म्हणून परस्पर कुटून देऊ नये. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की तिचे सगळे औषध एकदम अंगात जाते.

त्रास घशाशी असेल तर बेरियमचा (क्ष-किरणांत उठून दिसणाऱ्या पदार्थाचा) घोट देऊन क्ष-किरणांच्या चलचित्रात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणे पाहतात. कोणाला हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्याने फायदा होतो, कोणाला जिभेच्या आणि मानेच्या व्यायामांनी. एकाला लाभलेली युक्ती दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते, म्हणून ती आधी तपासणीत पारखून घ्यावी. पाणी दाट करण्याची भुकटीही सरसकट देऊ नये, कारण दाट पाणी पुष्कळांना आवडत नाही, ते कमी पितात आणि शरीरातले पाणी कमी पडते.

ठसका लागत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असेही नाही. काहींच्या श्वासनलिकेत अन्न जाते तरी खोकला येत नाही. जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणे आणि वारंवार छातीत कफ होऊन ताप येणे या खुणांवरून ते ओळखावे लागते. अशा माणसाला ताठ बसवून भरवावे, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये, आणि दात व कवळी रोज नीट स्वच्छ करावी, कारण तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात गेले की न्यूमोनियाचा धोका वाढतो.

स्मृतिभ्रंश फार पुढे गेलेला असेल, तर अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवावी का, हे विचारताना मुलांचा आवाज अडखळतो. त्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असे दिसून आलेले नाही. अशा वेळी मी त्यांना शेजारी बसवून भरवायला शिकवते : अर्धा चमचा, मग कंठमणी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबणे, तोंड रिकामे झाले का ते पाहणे, आणि त्यानंतरच पुढचा अर्धा चमचा.