झूलाघराच्या अर्जात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच

विजयनगरकडच्या एका झूलाघराच्या, म्हणजे पाळणाघराच्या, प्रवेश अर्जाची आठवण झाली की अजून डोकं तापतं. ‘बच्चा भूख बता सकता है?’ पुढे दोनच चौकोन, हाँ आणि ना. मी ‘हाँ’वर टिक करून शेजारी लिहिलं, हाताने सांगते. मॅडमनी अर्ज परत सरकवला. “बोलती है तो हाँ, नहीं तो ना.”

लेक वर्षाची व्हायला आली होती. भूक लागली की बोटं जुळवून ओठांशी न्यायची, दूध हवं असलं की मुठीची उघडझाप, आणखी हवं तर दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींना टेकवायची. पुरे झालं की उघडे पंजे फिरवायची. एवढं स्पष्ट सांगणाऱ्या मुलीपुढे ‘ना’ लिहायचं? आणि ‘ना’वाल्या मुलांना तिथे ठरल्या वेळी ठरलेली वाटी संपवायला लावत, मुलाने तोंड फिरवलं तरी. मला ते मान्यच नव्हतं.

वर मॅडमचा सल्ला, “इशारे बंद करो, तभी बोलेगी.” हे साफ चूक आहे. खुणांमुळे बोलणं लांबतं असं संशोधनात दिसलेलं नाही. खुणा शिकवल्या की मूल लवकर बोलतं, हा दावाही पक्का नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात खुणा शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांच्या भाषेत फरक आढळला नाही. पण खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोलता केलेल्या इशाऱ्यांना जास्त दाद देऊ लागल्या होत्या. मला झूलाघराकडून नेमकं तेवढंच हवं होतं.

मॅडमशी वाद घालून काही हलेना. शेवटी चार खुणांची चित्रं एका कागदावर काढून मी ती जेवण भरवणाऱ्या दीदीच्या हातात दिली. तिने खिचडीचा घास दिला, लेकीने चिमटी जुळवल्या, दीदी म्हणाली, “अरे, ये तो और माँग रही है!” तो कागद अर्जाला जोडला गेला. मला किती हायसं वाटलं! तुम्हीही थेट भरवणाऱ्या बाईंनाच गाठा.

शिकवणं सोपं आहे. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू केलं, तेव्हाच दूध आणि आणखी या दोन खुणांपासून सुरुवात केली. वस्तू देतानाच खूण करायची आणि शब्दही तोंडाने म्हणायचा, दर वेळी. मूल बरेच आठवडे नुसतं बघत राहतं, थांबू नका. आमच्या यातल्या बहुतेक खुणा अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या आहेत, भारतीय सांकेतिक भाषा वेगळी. घरात कुणी कर्णबधिर असेल तर त्यांच्याच खुणा घ्या.

आणि हो, ‘आणखी’ सुरुवातीला टाळीसारखंच दिसतं. तेही धरा, लगेच घास द्या.