साउरी, केनिया : प्रकल्प संपल्यानंतर काय पाहावे

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या सियाया परगण्यातील साउरी येथे मी गेलो, ते ‘मिलेनियम व्हिलेजेस’ प्रकल्पातून मागे काय उरले हे पाहण्यासाठी. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या पुढाकाराने २००४ साली येथे सुरू झालेले हे काम पुढे आफ्रिकेतील दहा देशांत पसरले आणि २०१५ मध्ये थांबले. खते, मक्याचे सुधारित बियाणे, मच्छरदाण्या, दवाखाने, शाळेतील जेवण आणि पाणी एकाच वेळी पुरवले, तर खेडे गरिबीतून बाहेर पडेल, अशी त्यामागची धारणा होती.

नैरोबीहून किसुमूला विमानाने तासाभरात पोहोचता येते. सडकेने दिवस मोडतो, पण केरिचोचे चहामळे पाहायला मिळतात. किसुमूहून मटाटूने, म्हणजे भाड्याच्या छोट्या प्रवासी गाडीने, ‘याला’ या बाजारगावी उतरावे व पुढे बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, घ्यावी. पैसे शक्यतो एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या तेथील सेवेने, द्यावेत.

माझा पहिला आग्रह असा, की साउरीला जितका वेळ द्याल तितकाच प्रकल्पाबाहेरच्या शेजारगावाला द्या. पत्र्याची घरे, हातातले मोबाइल, एम-पेसाच्या टपऱ्या आणि आपल्या ज्वारीसारखाच टारफुला या परोपजीवी तणाने ग्रासलेला मका मला दोन्हीकडे दिसला. ज्या वर्षांत प्रकल्प चालू होता, त्याच वर्षांत सारा केनियाही बदलत होता. त्यामुळे ‘पूर्वी असे होते, आता असे आहे’ एवढ्यावरून श्रेय कोणाचे, हे ठरत नाही. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रकल्पगावांतील बालमृत्यू राष्ट्रीय दराच्या तिप्पट वेगाने घटल्याचा दावा छापून आला आणि तो मागे घ्यावा लागला, कारण तुलनेसाठी घेतलेला राष्ट्रीय दर दीर्घ काळाचा होता आणि अलीकडच्या वर्षांत देशभरातील घट बरीच वेगवान झाली होती. २०१८ च्या अंतिम मूल्यमापनात ४० पैकी ३० निर्देशकांवर अनुकूल परिणाम आढळला, मात्र उद्दिष्टांपैकी सुमारे एक तृतीयांशच पूर्ण झाली होती. प्रकल्पाबाहेरची तुलनेची गावेही मागाहून निवडलेली होती. एवढा खर्च करताना ती आरंभीच निवडली नाहीत, याचे मला मनापासून दुःख वाटते, कारण त्या गावांची सुरुवातीची स्थिती सांगणारी पायाभूत माहिती मागाहून गोळा करता येत नाही.

सियायात रोख मदतीचे प्रयोगही झाले आहेत, त्यामुळे लोक पाहणीच्या प्रश्नांना सरावलेले आहेत. ‘प्रकल्पाने काय दिले?’ असे विचारले की ठरीव उत्तर मिळते. त्याऐवजी गेल्या हंगामात खत कोठून आणले, पैसे कसे उभे केले, पंप बिघडला तेव्हा दुरुस्ती कोणी केली, असे विचारावे. लुओ ही तेथील भाषा जाणणारा दुभाषी शक्यतो त्या गावाबाहेरचा असावा.

रीतसर माहिती गोळा करायची असल्यास राष्ट्रीय विज्ञान, तंत्रज्ञान व नवोपक्रम आयोगाचा परवाना आधी मिळवावा आणि गावात शिरण्यापूर्वी स्थानिक सहायक प्रमुखांना भेटावे. मार्च ते मे या पावसाच्या महिन्यांत कच्चे रस्ते चिखलाने भरतात. मुख्य पिकाची काढणी झाल्यावर, ऑगस्टच्या सुमारास, शेतकऱ्यांना उत्पन्नाचे आकडे ताजे आठवतात व बोलायला सवडही असते. हा भाग हिवतापाचा असल्याने प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी, कारण भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागितले जाते.