एक आकडा चुकला की

शनिवार, रात्री साडेअकरा

कपाटातून तो शर्ट आज पुन्हा काढला. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यातल्या घाईत वाया गेलेल्या बारांपैकी एक. खिशावर शाळेचं चिन्ह यायचं होतं, मध्ये दिवा आणि भोवती अक्षरांचं कडं. दिवा छान उतरलाय. कड्याची पहिली चार अक्षरंही जागेवर. मग सुई सेंटिमीटरभर बाजूला सरकली आणि उरलेली सगळी अक्षरं तिने खिशाच्या शिवणीवर भरून टाकली. फाइल पेन ड्राइव्हवर बिघडली होती, माझ्या लक्षात आलं नाही. बारा हेडांचं भरतकामाचं मशीन, म्हणजे बारा शर्ट एकदम. मालक काही बोलले नाहीत, पगारातून कापले फक्त.

शर्ट काढायचं कारण नुकेमे, एक जपानी कलाकार. गेले तीन दिवस फोनवर त्याचीच कामं बघतेय. नुकेमे हे त्याने घेतलेलं नाव. जपानीत त्या शब्दाचा अर्थ राहून गेलेली फट, गाफील जागा. जन्म १९८६ चा, ओकायामाचा. तिथलं कोजिमा शाळेच्या गणवेशांसाठी जपानभर प्रसिद्ध आहे, म्हणजे त्यांचं सोलापूरच. हे वाचून मी एकटीच हसले. पंचविशीत असताना त्याने 'ग्लिच एम्ब्रॉयडरी' सुरू केली. कंपनीचा ओळखीचा लोगो घ्यायचा, त्याची भरतकामाची फाइल उघडायची, आतले आकडे मुद्दाम बिघडवायचे आणि ती फाइल मशीनला द्यायची. भरायचं वापरलेल्या जुन्या कपड्यांवर. लोगो ओळखू येतो, पण मध्येच घसरलेला, धागे कुठून कुठे ताणलेले.

पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला लिहू. त्याचं बिघडलेलं प्रदर्शनात टांगतात, माझं पगारातून वजा होतं.

पण पंचिंग करणाऱ्या, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणाऱ्या माणसाचा राग फार टिकत नाही, कारण लगेच डोकं विचारतं की हे नेमकं कुठे बिघडवलं असेल. आमच्याकडे फाइली डीएसटीच्या. त्यातला टी म्हणजे ताजिमा, नागोयाची मशीनवाली कंपनी. म्हणजे मी रोज आठ तास जपानी भाषेतच बोलते म्हणायचं, फक्त आकड्यांच्या. फाइलीचे सुरुवातीचे ५१२ बाइट नाव, टाक्यांची संख्या असल्या माहितीचे. पुढे प्रत्येक टाक्याला तीन बाइट. त्यात कापडावरची जागा लिहिलेलीच नसते. आहेस तिथून इतकं उजवीकडे, इतकं वर, एवढंच असतं, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागात. एका वेळी जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर. घरचा पत्ता न देता 'इथून दहा पावलं, मग डावीकडे सहा' असं सांगत नेण्यासारखं. एक पाऊल चुकलं की पुढची सगळी पावलं बरोबर पडूनही माणूस दुसऱ्याच्याच अंगणात. माझ्या शर्टावर हेच झालंय. चूक एकाच टाक्याची. पुढचे टाके बिचारे इमानदार.

अण्णांच्या मागावर असं नव्हतं. ते चादरी विणायचे, जकार्डवर, म्हणजे कार्डांवरच्या भोकांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर. एखाद्या कार्डाचं भोक फाटलं तर तेवढ्याच ओळीत खोट यायची, आणि नक्षी फिरून आली की पुन्हा तिथेच. मोराच्या मानेवर एक ठिपका, प्रत्येक मोराच्या. ती चूक जागची हलायची नाही. आमची चूक मात्र मागून येणाऱ्या सगळ्या टाक्यांना ओढत नेते. नुकेमेची कामं नक्कल वाटत नाहीत ती यामुळेच असावं. हाताने काढून घसरलेपण येत नाही. हात सावरतो. मशीन सावरत नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं होतं. भाच्याने परवा लॅपटॉपवर फाइलीतले आकडे दिसतील असं काहीतरी टाकून दिलं होतं. आमच्याच दिव्याच्या फाइलीची कॉपी घेतली, मांजरपाटाचा तुकडा फ्रेमला लावला, एकच हेड चालू ठेवलं. पहिल्या खेपेला मशीनने फाइल घेतलीच नाही, मी सुरुवातीच्या माहितीत बोट घातलं होतं. दुसऱ्या खेपेला जास्त आकडे बदलले. सुई एकाच जागी टोचत बसली, खाली बॉबिनला गुंता, धागा तुटला. तिसऱ्या खेपेला तीनच ठिकाणी हात लावला. दिवा तीन तुकड्यांत सरकला, ज्योत वातीपासून सुटून वर गेली, आणि तुकडे जोडणारे धागे उघडे राहिले.

म्हणजे बिघडवायलाही हिशेब लागतो. कमी बिघडवलं तर साधी खराबी दिसते, जास्त बिघडवलं तर सुई मोडते. स्क्रीनवर तो सरकलेला दिवा मला अगदीच फालतू वाटला होता. कापडावर नाही वाटला. स्क्रीनवरचं मागे घेता येतं. इथे उसवलं तरी भोकं राहतात, आणि मी उसवलंही नाही.

तुकडा घरी आणला. अण्णांनी चष्मा लावून, दिव्याखाली धरून बघितला.

"कार्ड फाटलं होतं का गं?"

"नाही, मीच फाडलं."

त्यांनी तुकडा उलटा केला. ते कुठलंही कापड आधी मागूनच बघतात. अंगठा फिरवला, उघड्या धाग्यापाशी जरा थांबले.

"टाका घट्ट बसलाय," म्हणाले, आणि घडी घालून परत दिला.