साहित्य संपलं तर काय करायचं?

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींना शाळेच्या शेवटच्या वर्षांत नोकरीसाठी तयार करणं हे माझं काम. त्यातला सगळ्यात नाजूक टप्पा म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी होणारी चाचणी. वर्गात पक्कं झालेलं तिथे जमेलच असं नाही, आणि वर्गात अडून बसलेलं तिथे कधी कधी सहज जमून जातं.

त्या दिवशी १९ वर्षांच्या एका मुलाला घेऊन मी एका रुग्णालयाच्या साहित्य भांडारात गेले होते. त्याला स्वमग्नताही आहे. बोलतो मोजकं, चित्रं मात्र बारकाईने पाहतो. काम होतं वॉर्डात जाणारी ट्रॉली यादीप्रमाणे भरण्याचं. वरच्या खणात सिरिंज, २ मिली डावीकडे आणि ५ मिली उजवीकडे. मधल्या खणात हातमोजे. खाली गॉज आणि कापूस.

हे काम आम्ही शाळेत उलट्या क्रमाने शिकवलं होतं. आधी फक्त शेवटची पायरी, म्हणजे जवळजवळ भरलेल्या ट्रॉलीत शेवटचं पाकीट ठेवायचं आणि खण बंद करायचा. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. असं शिकवलं की दर वेळी काम मुलाच्याच हातून पुरं होतं, आणि पुरं केल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याचं असतं. खोक्याची जी बाजू समोर यायला हवी तिच्यावर रंगीत पट्टी चिकटवली होती. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड या संशोधकांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं, तेव्हा भागांच्या एका बाजूला त्यांनी असाच रंग दिला होता. १९७२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ‘याला काही शिकता येणार नाही’ असं कुणी म्हणालं की मला तो ब्रेक आठवतो.

पहिली ट्रॉली बिनचूक भरली. भांडारप्रमुख खूश झाले आणि मला म्हणाले, “मॅडम, त्याला सांगा, पुढच्या ट्रॉलीत मोठे हातमोजे पण लागतील.”

तो त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता.

“तुम्हीच सांगा ना, सर. एका वेळी एकच गोष्ट, आणि बोटाने दाखवा.”

ते अवघडले, आणि पुन्हा मलाच सांगू लागले. हे मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहते, आणि दर वेळी मला त्रास होतो. माणसं वाईट नसतात, चुकायला घाबरतात. पण प्रत्येक वाक्य माझ्यामार्फत जायला लागलं की मुलगा तिथला कामगार होतच नाही, माझ्याबरोबर आलेला पाहुणा राहतो.

दुसऱ्या ट्रॉलीला तो गॉजपाशी थांबला. हात खोक्यात, नजर खोक्यात. “लक्ष उडालं वाटतं,” कुणीतरी म्हणालं. “दमला असेल,” दुसरं कुणी. तो पुढे-मागे डुलू लागला, तशी मी जवळ जाऊन पाहिलं. खोका रिकामा होता.

भांडारातून आलेल्या यादीत ‘खोका रिकामा झाला तर’ ही पायरीच नव्हती. रोज तेच काम करणाऱ्याला ती सांगावी असं सुचतही नाही. अंगवळणी पडलेलं कुणी लिहून काढत नाही. पण आमची मुलं नोकरी गमावतात ती बऱ्याचदा अशाच जागी. मुख्य काम येत असतं, कामांच्या मधलं कुणी शिकवलेलं नसतं. साहित्य संपलं, यादी फाटली, रोजचे साहेब रजेवर गेले, मधली सुट्टी कधी संपली ते कळलं नाही. आणि शेरा पडतो, ‘लक्ष नाही’.

नवा खोका मी सहज काढून दिला असता. मग पुढच्या प्रत्येक रिकाम्या खोक्याला मीच लागले असते.

“सर, गॉज संपलं की तुमची माणसं काय करतात?”

“मला येऊन सांगतात.”

“मग त्यालाही तेच शिकवायचं. पण शिकवायचं तुम्ही.” आणि मी दारापाशी जाऊन उभी राहिले.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग रिकामा खोका त्याच्या हातात दिला, त्याच्याबरोबर स्वतःच्या टेबलापर्यंत चालत गेले, खोका तिथे ठेवायला लावला आणि म्हणाले, “संपलं.” नवा खोका दिला. पुन्हा एकदा तसंच केलं. पुढची ट्रॉली सुरू व्हायच्या आधी, मी काही न सुचवता, त्यांनी कापसाचा खोका गुपचूप रिकामा करून ठेवला.

तो कापसापाशी आला. हात आत गेला. त्याने दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी वहीत डोकं घातलं. बराच वेळ गेला. मग त्याने खोका उचलला, टेबलापाशी गेला, सरांच्या उघड्या रजिस्टरवरच तो ठेवला आणि म्हणाला, “कापूस. संपलं.”

“हा घे,” सर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला नेमकं हेच हवं होतं.

रुग्णालयाच्या भांडारात अशी मुलं काम करू शकतात ही कल्पना काही माझी नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ‘प्रोजेक्ट सर्च’ हा अशा तरुणांना नोकरीसाठी तयार करणारा कार्यक्रम सुरू झाला तो याच गरजेतून. आपत्कालीन विभागात साहित्य भरून ठेवायला माणसं टिकत नव्हती. इतरांबरोबर, खुल्या कामाच्या जागी काम करण्याचा हक्क तर संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराच्या कलम २७ मध्येच लिहिलेला आहे.

दुपारी आम्ही बसलो. तो, त्याची आई, सर आणि मी. आईंना काळजी होती दिवसभर उभं राहणं झेपेल का याची. पण आधी त्याला विचारायचं असा माझा आग्रह असतो. चित्रांची कार्डं मांडली. ट्रॉलीचं त्याने स्वतःकडे ओढलं, लिफ्टचं दूर ढकललं. सकाळी लिफ्टची घंटा वाजली की तो कान झाकत होता, ते आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. “वर न्यायला माझा माणूस आहे,” सर म्हणाले. तो प्रश्न तिथेच मिटला. उभं राहण्याचंही ठरलं. सुरुवातीला रोज सकाळी दोन तास, आणि बसायला स्टूल.

त्याच्या आराखड्यात आधी ‘एकाग्रता वाढवणे’ असं एक उद्दिष्ट होतं. ते मी खोडलं आणि लिहिलं: ‘साहित्य संपल्यावर रिकामा खोका भांडारप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. कुणी न सुचवता.’ एकाग्रता कशी मोजणार? हे मात्र कुणीही पाहून सांगू शकतं.

उठताना सरांनी विचारलं, “तुम्ही नसताना तो कान झाकून बसला तर?”

आईच म्हणाल्या, “पाच मिनिटं कुणी बोलू नका. मग यादी दाखवा, तो उठतो.” सरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. सुरुवात सोमवारपासून ठरली.